डांगराचं फसफसतं मसालापेय: घरी कसं करावं

तांबड्या भोपळ्याची, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याकडच्या डांगराची, चव मुळात बुजरी. दालचिनीचा एक तुकडा जास्त पडला की ती मागं सरते आणि पेल्यात नुसता गरम मसाला उरतो. म्हणून या कृतीत सगळ्यात जास्त मेहनत डांगरावर आहे आणि सगळ्यात कमी मसाल्यावर. पहिल्या घोटाला भाजलेलं डांगर आणि गूळ लागला पाहिजे, त्यामागून आलं, आणि घोट गिळल्यावर जायफळ. घारगे तळताना घरभर जो वास सुटतो, तोच थंड आणि फसफसता प्यायला मिळावा एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अमेरिकेत या जातकुळीची बिअर करतात, तिला पंपकिन एल म्हणतात. डांगर मूळचं त्याच खंडातलं. तिथं नव्यानं वसलेल्या इंग्रजांना बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, मिळायची मारामार होती आणि शेतात भोपळे मात्र रग्गड. मग त्यांनी भोपळ्याच्याच रसाची बिअर केली. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदपत्रांत १७७१ सालची एक कृती आहे: भोपळा कुटायचा, सफरचंदासारखा दाबून रस काढायचा, तो बराच वेळ उकळत ठेवून वरचा चोथा काढत राहायचा आणि पुढं माल्टच्या बिअरसारखंच सगळं करायचं. त्यात मसाल्याचा पत्ता नाही. मसाला आला १९८० च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बिल ओवेन्स यांनी आपल्या बफेलो बिल्स ब्रूअरीत ही बिअर पुन्हा करून पाहिली, तेव्हा भोपळ्याची चव बिअरमध्ये फारशी उतरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग तिकडं भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ करतात, त्यात घालतात तो मसाला त्यांनी वापरला. तेव्हापासून लोक त्या मसाल्यालाच भोपळ्याची चव समजू लागले. मला ते पटत नाही. डांगर नीट भाजलं तर त्याची चव पेयात उतरते.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं शेकडा प्रमाण, काढणं, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, बघणं, डिस्टिलरीच्या टाकीतलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं, यातच नोकरी झाली. आंबवण्याची क्रिया मी टनावारी मळीवर, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकावर, पाहिली आहे, म्हणूनच ती पातेल्यात करताना मला आकडे लागतात. पुढं दिलेली मापं त्या सवयीतून आली आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही बिअर नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती घरच्या घरी पिण्यापुरती का असेना. म्हणून बिअरची अर्धी वाट आपण चालायची. धान्याला मोड आणायचे, त्यातला स्टार्च साखरेत उतरवायचा, गाळायचं, उकळायचं, हे सगळं बिअरसारखंच. पण आंबवणं फक्त गॅस भरेपर्यंत, एक ते अडीच दिवस, आणि मग थेट फ्रीज. अल्कोहोलचा किंचित अंश त्यातही येतो, यीस्ट आहे म्हटल्यावर तो येणारच. ज्यांना तोही चालत नाही त्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हे घेऊ नये. त्यांच्यासाठी यीस्ट, म्हणजे पुढं सांगितलेलं आल्याचं विरजण, न घालता हाच काढा थंड करून द्यावा. आमच्या घरी तसा वेगळा काढून ठेवतात.

डांगर

दसऱ्यानंतर बांधावरची डांगरं उतरायला लागतात. बाजारातून घेणार असाल तर देठ बघा. देठ वाळून बुचासारखा कडक झालेला हवा. सालीवर नख रुतता कामा नये. जी बाजू जमिनीला टेकलेली असते तिथला डाग पांढरा असेल तर डांगर कोवळं तोडलंय, पिवळा-नारिंगी असेल तर वेलावर पिकलंय. आणल्या आणल्या कापू नका. कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी महिनाभर राहू द्या. तेवढ्यात गरातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते आणि गर गोड होतो. जुनी माणसं डांगरं माळ्यावर टाकून ठेवायची ती काही उगाच नाही.

कापल्यावर कच्च्या गराचा एक कण जिभेवर ठेवा. कडू लागला तर अख्खं डांगर फेकून द्या, गुळानं झाकायचा विचारसुद्धा करू नका. काकडी, दुधी, डांगर या कुळात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. ते विषारी आहे आणि शिजवून जात नाही.

सुमारे पावणेदोन ते दोन किलोचा तुकडा घ्या. बिया आणि तंतू काढा, साल राहू द्या, हातभर लांब फाका करा. हिवाळ्यात शेतावर हुरड्याची आगटी पेटलेली असेल तर त्याहून चांगली भट्टी नाही: निखारे खाली बसले की फाका सालीच्या बाजूनं त्यावर ठेवायच्या. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर पाऊण ते एक तास. दोन्ही नसेल तर जाड तव्यावर, तेल न लावता, कापलेली बाजू खाली ठेवून झाकण घाला आणि मंद आच ठेवा. गर मऊ होऊन कडा तपकिरी झाल्या पाहिजेत, काळ्या नाही. सगळी चव या तपकिरी कडांत आहे. वाफवलेल्या डांगराचं पेय मला कायम पाणचट लागलं आहे. भाजताना पाणी उडतं, साखर एकवटते आणि कडेला करपण्याच्या आधीची ती खमंग अवस्था येते. साल सोडवून गर कुस्करा. साधारण एक किलो मिळेल.

नाचणी

बिअरमध्ये बार्ली असते, मी नाचणी वापरतो. आमच्या पट्ट्यातून पश्चिमेला पाटण, जावळीकडं गेलं की डोंगरउतारावर नाचणी असतेच, आणि तिला मोड आणायची रीत प्रत्येक घरात आहे. फक्त लहान बाळासाठी दुकानातून आणलेलं नाचणी सत्त्व इथं चालणार नाही. ते बहुधा भाजलेलं असतं. मोड येताना धान्यात जी एन्झाइम तयार होतात, तीच स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात आणि भाजलं की ती मरतात.

साडेतीनशे ते चारशे ग्रॅम नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधून अंधाऱ्या जागी ठेवा, फडकं वाळू देऊ नका. दोन दिवसांत बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान मोड येतात. कडक उन्हात खडखडीत वाळवा, तळहातांत चोळून मोड झाडून टाका आणि मिक्सरमध्ये भरड काढा. पीठ करू नका, गाळताना जीव जाईल. यातून ३०० ग्रॅमच्या आसपास भरड निघते. त्यातली मूठभर, ५० ग्रॅम, वेगळी काढून कढईत कॉफीच्या रंगावर भाजा. रंग आणि खमंगपणा ही मूठ देते, साखरेचं काम उरलेली अडीचशे ग्रॅम करते.

आता मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी तापवा. ७५ अंशांच्या आसपास आलं की गॅस बंद करा, त्यात कोमट असलेला डांगराचा गर आणि दोन्ही प्रकारची भरड घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मिश्रण ६५ ते ६८ अंशांवर स्थिरावलं पाहिजे. स्वयंपाकघरात चालणारा डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. तापमान ७५ च्या वर राहिलं तर एन्झाइम मरतात, ६० च्या खाली गेलं तर काम रेंगाळतं. झाकण घाला, पातेल्याला गोधडी गुंडाळा आणि तासभर तिकडं जाऊ नका. मध्येच उघडून बघायची घाई केली की दोन-तीन अंश उडून जातात.

तास झाला की तपासायचं. मेडिकलमधून टिंक्चर आयोडिन आणून ठेवा. पांढऱ्या बशीत पातेल्यातल्या वरच्या निवळ पाण्याचे चार-पाच थेंब घ्या आणि बशी पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम थेंबावर आयोडिनचा रंग उमटतच नाही आणि फसगत होते. शेजारी आयोडिनचा एक थेंब टाका आणि काडीनं दोन्ही जवळ आणा. जिथं ते भेटतात तिथं निळी-काळी रेघ उठली तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी वीस मिनिटं थांबा. आयोडिन आपल्या मूळ तपकिरी रंगातच राहिलं तर काम झालं. भरडीचा कण आला तर तो काळा होणारच, त्याकडं बघू नका, पाण्याकडं बघा. ही बशी नंतर धुऊन टाकायची, पातेल्यात परत ओतायची नाही. माझी सून हे पहिल्यांदा बघत होती तेव्हा म्हणाली, "मामा, आता चाखून बघा." चाखलं. तासापूर्वी पिठूळ लागणारं पाणी गोड झालं होतं, आणि गुळाचा खडाही अजून पडला नव्हता. या कृतीतला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

गाळणं

इथं धीर लागतो. डांगराचा गर फडक्याची छिद्रं लिंपून टाकतो आणि पाणी खाली उतरेनासं होतं. बिअर करणाऱ्यांनाही भोपळ्याचा हाच ताप असतो, म्हणून ते मिश्रणात भाताचा तूस घालतात. आपल्याकडं तुसाला काय तोटा! भाताच्या गिरणीतून दोन मुठी आणा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, दहा मिनिटं उकळा, आणि गाळण्याआधी मिश्रणात कालवा. तूस आतमध्ये वाटा मोकळ्या ठेवतो. चाळणीवर धुतलेला पंचा पसरून त्यात मिश्रण ओता आणि आपोआप झरू द्या. वरून दीड लिटर गरम पाणी थोडं थोडं सोडा, म्हणजे चोथ्यातली साखर उतरेल. पंचा पिळायचा मोह होतो. पिळलात तर बाटलीत दोन बोटं गाळ बसेल.

चोथा आमच्याकडं म्हशीपुढं जातो.

उकळणं, गूळ आणि मसाला

गाळलेलं पाणी सव्वाचार ते साडेचार लिटर भरेल. ते उकळायला ठेवा आणि २५० ग्रॅम गूळ घाला. गूळ काळसर घ्या. पिवळाधमक, देखणा गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस नावाचं रसायन टाकून उजळलेला असतो. त्यातलं गंधकाचं द्रव्य यीस्टला मारक ठरतं. कऱ्हाड-सांगलीच्या पेठेत विचारलंत तर बिनरसायनाचा गूळ मिळतो, थोडा महाग पडतो. उकळी आली की वर फेस धरतो. गुऱ्हाळात काहिलीवर भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी सोडून रसातला मळ वर आणतात आणि झाऱ्यानं काढतात, तसाच हा फेस काढत राहा. पंधरा-वीस मिनिटं उकळी पुरे.

एलला कडवटपणा हॉप्सच्या फुलांनी येतो. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौलकडं पिकतात, सांगलीत कुठली मिळायला! मी वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा उकळीच्या सुरुवातीलाच टाकतो. पांढरा भाग सालीवर असू द्या, कडवटपणा त्यातच असतो. एवढ्यानं गोडव्याला जरा वेसण बसते.

मसाला गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. चार लिटरला बोटभर पातळ सालीची दालचिनी, तीन लवंगा, पाव जायफळ ताजं किसून, आणि ५० ग्रॅम आलं ठेचून. बस. बाजारात दालचिनी म्हणून जाड, कडक साल मिळते, ती उग्र असते. कोकणातली किंवा सिलोनची पातळ, बोटांनी चुरा होणारी मिळाली तर तीच घ्या. लवंग आणि दालचिनी जपून घालायचं दुसरंही कारण आहे: दोन्हींची तेलं जंतू मारतात आणि यीस्टही शेवटी एक बुरशीच. मसालेदार करण्याच्या नादात आठ-दहा लवंगा टाकल्या तर बाटल्या दिवसेंदिवस मुक्या राहतात. सांगलीत राहून हळद घालाविशी वाटणं साहजिक आहे, रंगही सुरेख येईल, पण हळदीचा मातकट वास डांगरावर कुरघोडी करतो. नको.

गॅस बंद केल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या आणि बारीक गाळणीतून मसाला काढून टाका. आता पातेलं थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून भराभर निववा. रात्रभर ओट्यावर उघडं ठेवायचं नाही. डांगर आंबट नसतं, आणि अशा गोड, कोमट, बिनआंबट पाण्यावर नको ते जंतू फार लवकर वाढतात. म्हणून निवल्याबरोबर चार मोठ्या लिंबांचा रस घाला आणि पीएच पेपर बुडवा. ४.२ किंवा त्याखाली हवा. वर असेल तर आणखी लिंबू. पीएच पेपरची पट्टी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते आणि वर्षभर पुरते. ही पायरी गाळू नका. बाकी सगळी कमी-जास्त मापं चवीचा प्रश्न आहेत, ही पोटाच्या सुरक्षिततेची आहे.

माझ्याकडं ब्रिक्स हायड्रोमीटर आहे, तो मी इथं बुडवतो. ८ ते १० च्या मध्ये आकडा आला पाहिजे. तुमच्याकडं नसेल तर चाखून बघा: उसाच्या रसाच्या साधारण निम्मं गोड.

आल्याचं विरजण

हे खरं तर आठवडाभर आधीच लावून ठेवायचं. सातारा जिल्ह्यात कोरेगाव, कऱ्हाडकडं आलं भरपूर पिकतं. ताजं, मातीचा वास असलेलं आलं आणा, फक्त पाण्यानं धुवा, सोलू नका. यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू सालीवर असतात. काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे किसलेलं आलं, दोन मोठे चमचे साखर. पाणी नळाचं असेल तर उकळून निववून घ्या, क्लोरिननं विरजण धरत नाही. बरणीवर फडकं बांधा. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर, आणि स्वच्छ चमच्यानं ढवळणं. मार्च-एप्रिलच्या सांगलीत हे तीन-चार दिवसांत जागं होतं, पौषात आठवडा घेतं. ढवळल्यावर कान लावला तर सूं ऐकू आलं पाहिजे, वर बारीक फेस हवा, आणि वास आल्याचा, थोडा आंबूस, ताज्या ताडीच्या जवळ जाणारा. कुजका वास आला, किंवा वर केसाळ बुरशी, गुलाबी-काळे ठिपके दिसले, तर बरणी रिकामी करून उकळत्या पाण्यानं धुवा आणि पुन्हा लावा. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

काढा ३० अंशांच्या खाली आल्यावर, म्हणजे पातेल्याला हात लावल्यावर ऊब जाणवत नाही तेव्हा, यातलं पाव लिटर गाळून घाला आणि ढवळा.

बाटल्या

काचेच्या बाटल्या अजिबात वापरू नका. सरबताच्या, जुन्या दारूच्या, लोणच्याच्या, कुठल्याच नाहीत. आत किती दाब झालाय हे काच सांगत नाही आणि फुटली तर तुकडे भिंतीत रुततात. कोल्ड्रिंकच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत. नीट धुवा, बूच आणि त्याच्या आट्यांसकट. वर चार बोटं जागा सोडून भरा, बाटली थोडी दाबून हवा काढा आणि बूच घट्ट लावा. मी प्रत्येक बाटलीत तासगावचा एक बेदाणा टाकतो, काळा, गंधकाची धुरी न दिलेला. तो तळाशी बसतो. गॅस धरला की बुडबुडे त्याला चिकटतात आणि तो वर येऊन तरंगतो. सोनेरी बेदाणा बहुधा धुरी दिलेला असतो, तो टाळा.

बाटल्या झाकणाच्या बादलीत, उन्हापासून लांब. पहिले बारा तास काही होत नाही. मग दर चार-सहा तासांनी अंगठ्यानं दाबून बघायचं. सुरुवातीला बाटली मऊ दबते, मग हळूहळू ताठरते. एका सकाळी सूनबाई हाक मारते, "मामा, बाटली दगड झाली." तीच वेळ. तेव्हा अजून थोडं थांबू असं म्हणायचं नाही. २५ ते २८ अंशांना हे २४ ते ३६ तासांत होतं, थंडीत दोन-अडीच दिवस लागू शकतात, आणि एप्रिलमध्ये रात्रीत होतं. एप्रिलमध्ये मी करतच नाही.

आंबवणं थांबवण्याची घाई का, ते सांगतो. यीस्ट साखर खातं तेव्हा वजनानं जवळजवळ निम्म्या साखरेचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि निम्म्याचं अल्कोहोल. हायड्रोमीटरवर एक ब्रिक्स उतरला म्हणजे लिटरमागे साधारण आठ ग्रॅम साखर गेली, चार ग्रॅमच्या आसपास गॅस झाला आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोचलं. फसफसायला तेवढा गॅस भरपूर आहे. आणखी एक ब्रिक्स उतरू दिला तर अल्कोहोल दुप्पट होईल, गॅसही दुप्पट, आणि बाटलीची ताकद मात्र आहे तेवढीच. बिअरवाले बारा-तेरा ब्रिक्सचा काढा तीन-चारपर्यंत उतरवतात, म्हणून तिच्यात पाच टक्के येतं, पण ते गॅसला आधी बाहेर जाऊ देतात. बंद बाटलीत तशी वाट नसते. बाटल्या आडव्या-उभ्या टाकून फ्रीजबाहेर विसरणं, गावाला जाताना त्या एसटीच्या डिकीत टाकणं, पाहुण्याला भेट म्हणून देताना हे न सांगणं, यातलं काहीही करू नका.

ताठरलेली बाटली फ्रीजमध्ये किमान बारा तास. थंडाव्यानं यीस्ट पेंगतं आणि गॅस पाण्यात नीट विरघळतो. लगेच फोडली तर निम्मी बाटली छताला जाते. उघडताना मोरीत किंवा सिंकवर धरून बूच थोडंसं ढिलं करा, सुस्कारा आला की पुन्हा आवळा, असं दोन-तीनदा. पेला तिरका धरून हळू ओता, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. रंग चहाच्या पाण्यासारखा नारिंगी-तपकिरी, वर पांढरट फेस थोडा वेळ टिकणारा. आठवड्याच्या आत संपवा, कारण फ्रीजमध्येही यीस्ट पूर्ण झोपत नाही. गोडवा कमी होत जातो, आंबटपणा वाढतो, आणि दर एक-दोन दिवसांनी बूच सैल करून दाब सोडावा लागतो.

हे कशासोबत प्यावं? भाजलेल्या शेंगा, हुरडा, कांदाभजी. जेवणात घेणार असाल तर झणझणीत अख्ख्या मसुरासोबत याचा गोडवा छान बसतो, तांबड्या रश्श्यासोबत मात्र दोघांचीही चव मारली जाते. पेल्यावर जायफळ किसून घालू नका, पाव जायफळ आत आहे ते पुरेसं आहे.

विरजणाची बरणी टाकून देऊ नका. जेवढं काढलं तेवढं उकळून निववलेलं पाणी, एक चमचा साखर आणि एक चमचा किसलेलं आलं घालून एक दिवस बाहेर ठेवा, मग फ्रीजमध्ये. आठवड्यातून एकदा असंच खाऊ घालत गेलात तर पुढच्या खेपेला आदल्या दिवशी बाहेर काढलं की काम होतं. तळाशी जुनं आलं फार साठलं तर निम्मं काढून टाका.